घरटी मोजली, पिल्ले मोजली का?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही काणकोणचे पाच जण. गेली तीन वर्षे सुट्टीच्या दिवशी बेतूल ते आगोंद या पट्ट्यातल्या कड्यांवर फिरतो आणि समुद्र गरुडाची घरटी मोजतो. पहिल्या वर्षी ४ सापडली, दुसऱ्या वर्षी ६, यंदा ७. म्हणजे गरुड वाढले असे म्हणता येईल का? ब्रिटनमध्ये कड्यांवर वीण करणाऱ्या समुद्रपक्ष्यांची मोजणी होते, तशी पद्धत इथे चालेल का? आणि ड्रोनने काम सोपे होईल का?"

आधी सरळ उत्तर देतो. ४, ६, ७ या आकड्यांवरून गरुड वाढले असे म्हणता येणार नाही. घटले असेही म्हणता येणार नाही. तुम्ही तीन वर्षे चाललात त्याचे मोल आहेच, पण या आकड्यांत तुमची वाढलेली नजर आणि गरुडांची खरी संख्या एकमेकांत मिसळली आहे. पहिल्या वर्षी दाट झाडोऱ्यात जे घरटे दिसलेच नाही ते तिसऱ्या वर्षी लांबून ओळखू येते, कारण आता डोळा बसला आहे. पहिल्या वर्षी किती दिवस चाललात, यंदा किती? यंदा कोणाकडे नवीन दुर्बीण आली का? या गोष्टी वहीत नसतील तर वाढ कोणाची झाली हे सांगायला मार्ग नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. तुम्ही घरटी मोजलीत. समुद्र गरुडाचे घरटे म्हणजे काटक्यांचा भलामोठा ढीग. एकदा बांधले की तो ढीग वर्षानुवर्षे झाडावर टिकतो आणि जोडी दरवर्षी त्यावर नव्या काटक्या रचते. पण अनेक जोड्यांच्या हद्दीत अशी दोन-तीन घरटी असतात. एका वर्षी आंब्यावरचे वापरतात, पुढच्या वर्षी अर्ध्या किलोमीटरवरच्या सुरूवरचे. त्यामुळे ७ घरटी म्हणजे ७ जोड्या असतील, ४ असतील, किंवा तीनच असतील. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले तेव्हा माझ्या यादीतली दोन जुनी झाडे उन्मळून पडली. मी फक्त झाडांचा हिशेब ठेवला असता तर त्या वर्षी दोन घरटी कमी झाली असे लिहून मोकळा झालो असतो. पण जोड्या तिथेच होत्या. ऑक्टोबरमध्ये एका जोडीने जवळच्याच सातविणीवर काटक्या न्यायला सुरुवात केली. दुसरी जोडी त्या वर्षभर नुसती हद्द राखून बसली. पक्षी होते, आवाज होता, घरटे नव्हते. म्हणून मोजायचे एकक बदला. घरटे मोजू नका, हद्द धरून बसलेली जोडी मोजा आणि त्या जोडीच्या खात्यात तिची सगळी घरटी लिहा.

ब्रिटनच्या पद्धतीबद्दल विचारलेत ते बरे झाले, कारण एकक काय धरायचे हा धडा मी तिथेच शिकलो. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर मी दोन उन्हाळे मदतनीस म्हणून काम केले. तिथला कडा आपल्या कड्यासारखा नाही. इथे जांभ्याचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट पठार, समुद्रापाशी तुटतो आणि खाली झाडी असते. तिथे उघडा दगड सरळ पाण्यात उतरतो आणि त्याच्या प्रत्येक फळीएवढ्या कंगोऱ्यावर पक्षी खेटून उभे असतात. आवाज इतका की शेजारच्या माणसाला ओरडून सांगावे लागते. त्या गर्दीत गिलेमॉट नावाचा काळा-पांढरा पक्षी असतो. तो घरटेच बांधत नाही. उघड्या दगडावर एकच अंडे घालतो, एका टोकाला निमुळते. मग मोजायचे काय? तिथल्या लोकांनी ठरवले की गिलेमॉट असतील तर कड्यावर बसलेले पक्षी मोजायचे. तेही जूनच्या पहिल्या तीन आठवड्यांत, सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळात, जोराचा वारा, पाऊस किंवा धुके नसताना, आणि एकदा नव्हे तर वेगवेगळ्या दिवशी पाच ते दहा वेळा. जोड्यांचा अंदाज हवा असेल तर पक्ष्यांच्या संख्येला ०.६७ ने गुणायचे, कारण एका वेळी जोडीतले दोघेही कड्यावर असतातच असे नाही. किटीवेक हा लहान कुरव मात्र चिखल आणि गवताचे नीट घरटे चिकटवतो, म्हणून त्याच्या बाबतीत घरटे हेच एकक. तेही रिकामे चालत नाही, त्यावर किंवा त्याला लागून निदान एक प्रौढ पक्षी हवा. एकाच कड्यावर दोन पक्षी, दोन वेगळी एकके. पक्षी कसा जगतो त्यावरून एकक ठरते, आपल्या सोयीवरून नाही.

तिथे पहिल्या आठवड्यात घडलेला प्रसंग सांगतो. मी आणि माझी सहकारी एकाच दगडावर बसून कड्याचा एकच तुकडा मोजत होतो. नियम असा की मोजताना बोलायचे नाही आणि एकमेकांच्या वहीत डोकवायचे नाही. माझे ४३ आले, तिचे ५१. मला वाटले ती दोनदा मोजते आहे. मग आम्ही त्या कड्याचा मोठा फोटो छापून घेतला, त्यावर प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद ठेवला आणि प्रत्येक घरट्यावर पेनाने ठिपका व आकडा घातला. एका पुढे आलेल्या दगडाच्या मागे माझी दहा घरटी सुटली होती आणि तिची दोन. खरा आकडा ५३ होता. तेव्हापासून एकट्याची मोजणी मी अंतिम धरत नाही, स्वतःचीही नाही. तुम्ही पाच जण आहात, ही तुमच्याकडची सर्वांत मोठी संपत्ती आहे. दोघादोघांनी न बोलता मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. सरासरी काढून एकच आकडा ठेवू नका. दोन आकड्यांतला फरकच सांगतो की तुमच्या मोजणीवर किती विसंबता येईल.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे उत्तर लांबवतो आहे. समजा तुम्ही जोड्या अगदी बिनचूक मोजल्यात आणि दहा वर्षे आकडा ७ च राहिला. सगळे ठीक आहे का? नाही सांगता येत. समुद्रावर जगणारे बहुतेक पक्षी आणि मोठे गरुड दीर्घायुषी असतात. उशिरा वयात येतात, थोडी अंडी घालतात आणि अनेक वर्षे त्याच जागी परत येतात. अशा पक्ष्यांची एकही पिढी वर आली नाही तरी म्हातारी जोडी आपल्या झाडावर दिसतच राहते. आपल्याकडे काही वाड्यांची अशीच गत झाली आहे: मतदार यादी भरलेली, सणाला घरे उघडलेली, पण शाळेच्या पटावर मूल नाही. यादी बघणाऱ्याला गाव नांदते आहे असेच वाटते. शाळा बघणाऱ्याला आधी कळते.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर १९८० च्या दशकात हेच झाले. तिथले आर्क्टिक सुरय (सुरय म्हणजे टर्न, सडपातळ समुद्रपक्षी) आणि किटीवेक सँडईल नावाच्या बोटभर माशावर पिल्ले वाढवतात. तो मासा आटला आणि १९८४ ते १९९० या काळात आर्क्टिक सुरयांची पिल्ले जवळजवळ वाढलीच नाहीत. पक्षी दरवर्षी येत होते, अंडी घालत होते, पिल्ले उपाशी मरत होती. जे घरट्यांपाशी बसून पिल्ले मोजत होते त्यांनी धोका ओळखला आणि १९९१ मध्ये तिथली सँडईलची मासेमारी थांबवली गेली. ब्रिटनमध्ये समुद्रपक्ष्यांची संपूर्ण गणती साधारण पंधरा वर्षांतून एकदा होते. पहिली १९६९-७० मध्ये झाली, अलीकडची २०१५ ते २०२१ या काळात. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९८६ पासून निवडक ठिकाणी दरवर्षी जोड्या आणि उडालेली पिल्ले यांची नोंद होते. त्या नोंदींचे वजन असे की २०२४ च्या मार्चमध्ये उत्तर समुद्राच्या इंग्लंडकडच्या भागात आणि स्कॉटलंडच्या पाण्यात सँडईलची मासेमारी बंद करण्यात आली, तेव्हा समुद्रपक्ष्यांचे हाल हे त्यामागचे एक ठळक कारण होते. नुसत्या पंधरा वर्षांतल्या एका गणतीने हे घडले नसते.

तेव्हा ती पद्धत इथे चालेल का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे: त्यांचे तक्ते जसेच्या तसे चालणार नाहीत, त्यांची शिस्त पूर्ण चालेल. थोडी घरटी घ्या, तीच घरटी घ्या, तशाच रीतीने बघा आणि दरवर्षी बघा.

समुद्र गरुडाचा आपल्याकडचा हंगाम पावसाळा सरला की सुरू होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोडी जवळजवळ बसून हाका देते, काटक्या नेते. तो आवाज बदकासारखा, ठसकेबाज, लांबूनही चुकत नाही. पहिली फेरी याच दिवसांत करा, कारण कोणती हद्द कोणाची हे तेव्हाच नीट कळते. त्यानंतर अंडी, साधारण दोन. उबवण्याचे दिवस चाळीसच्या आसपास. त्या काळात घरट्यात फक्त एक पांढरे डोके दिसते, पक्षी अगदी खाली दबून बसलेला. हे डोके तासभर हलत नाही, म्हणून घाईत आलेला माणूस "घरटे रिकामे" असे लिहून निघून जातो. निदान दीड-दोन तास बसल्याशिवाय रिकामे लिहू नका. पिल्लू फुटले की चित्र बदलते. आता प्रौढ पक्षी घरट्याच्या काठावर उभा राहतो, मान खाली घालून तुकडे तोडतो आणि भरवतो. पिल्लू तुम्हाला अजून दिसणार नाही, पण त्या भरवण्यावरून ते आहे एवढे पक्के. तीन-चार आठवड्यांत काठावरून पांढरट लव वर येते, आणि झाडाखाली व पानांवर चुन्यासारखी शिट साचू लागते. पुढे तपकिरी पिसे, मग काठावर उभे राहून पंख झाडणे. उडायला साधारण दहा आठवडे लागतात.

दर दहा-बारा दिवसांनी एक फेरी पुरे. त्याहून जास्त फेऱ्यांनी तुमची माहिती फार वाढत नाही, गरुडाचा त्रास मात्र वाढतो. प्रत्येक फेरीला घरट्याची अवस्था एका शब्दात लिहा: बांधणी, उबवण, भरवणे, पिल्लू दिसले आणि किती, पिसे आली, रिकामे. "यशस्वी" कधी म्हणायचे हेही आधीच ठरवा. पिल्लू उडतानाच दिसले पाहिजे असा हट्ट धरलात तर अर्ध्या घरट्यांचा निकाल कळणारच नाही, कारण तुम्ही रविवारी जाता आणि पिल्लू बुधवारी उडते. शिकारी पक्ष्यांच्या अभ्यासात रूढ नियम असा आहे की उडण्याच्या सरासरी वयाच्या ८० टक्के वय पिल्लाने गाठले की ते उडाले असे धरतात. आपल्या गरुडासाठी म्हणजे सुमारे आठ आठवडे. मात्र तीन आठवड्यांचे पिल्लू दिसले म्हणून "यशस्वी" लिहू नका. मधल्या काळात खूप काही होते. आणि आपल्याकडे तो मधला काळ नाताळ आणि नव्या वर्षात येतो. कड्यावर संगीत, रात्रभर दिवे, फटाके. एका वर्षी ३१ डिसेंबरच्या आधीच्या फेरीत ज्या घरट्यावर पक्षी उबवत होता, तिथे ३ जानेवारीला दोघेही शेजारच्या माडावर नुसते बसून होते आणि घरट्याच्या काठावर कावळे होते. फटाक्यांमुळेच घडले असे मी एका घरट्यावरून म्हणणार नाही. पण दहा वर्षे, वीस घरटी, तारखांसह नोंद असली तर म्हणता येते, आणि पंचायतीसमोर ठेवता येते. तुमच्या नोंदीचा उपयोग इथे आहे.

आता आकडेमोड. इथे बहुतेक हौशी गट चुकतात, मीही बरीच वर्षे चुकलो. "आठ घरट्यांपैकी पाच यशस्वी, म्हणजे ६२.५ टक्के" असा हिशेब सगळे करतात. यात एक खोट आहे. सगळी घरटी तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत नसतात. काही जानेवारीत सापडतात, तेव्हा पिल्लू महिन्याचे झालेले असते. आणि जी घरटी अंडी असतानाच मोडली ती तुमच्या यादीत आलीच नाहीत. म्हणून टक्केवारी नेहमी खऱ्यापेक्षा चांगली दिसते. अमेरिकेच्या हॅरोल्ड मेफील्ड यांनी १९६१ साली यावर साधा उपाय सुचवला. ते पेशाने पक्षीशास्त्रज्ञ नव्हते, नोकरी सांभाळून पक्षी बघणारे होते, तुमच्या-माझ्यासारखे. त्यांचे म्हणणे असे की घरटी मोजू नका, घरटे किती दिवस तुमच्या नजरेखाली होते ते दिवस मोजा.

समजा तुमच्या आठ घरट्यांचे नजरेखालचे दिवस मिळून ४०० झाले आणि त्यात तीन घरटी मोडली. घरटे मोडले तो नेमका दिवस माहीत नसतो, म्हणून शेवटची भरलेली फेरी आणि पहिली रिकामी फेरी यांचा मध्य धरायचा. ३ भागिले ४००, म्हणजे एका दिवशी घरटे मोडण्याची शक्यता ०.००७५. टिकण्याची ०.९९२५. अंडी आणि पिल्ले मिळून हंगाम ११० दिवसांचा धरला तर ०.९९२५ चा ११० वा घात करायचा. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा, उत्तर ०.४४ च्या जवळ येईल. म्हणजे ६२ टक्के वाटत होते तिथे खरे ४४ टक्के. हा फरक छोटा नाही. घरटे कितीही उशिरा सापडो, या हिशेबात ते वापरता येते, फक्त तारखा हव्यात. तुमच्या तीन वर्षांच्या वहीत तारखा असतील तर मागचा हिशेबही पुन्हा मांडता येईल.

आणखी एक: भागाकारात खाली काय ठेवले ते नेहमी लिहा. "जोडीमागे ०.८ पिल्ले" म्हणताना ती अंडी घातलेली जोडी की हद्द धरलेली प्रत्येक जोडी? तौक्तेनंतर जी जोडी वर्षभर नुसती बसून राहिली ती पहिल्या हिशेबात येत नाही, दुसऱ्यात येते. वाईट वर्षी जोड्या अंडीच घालत नाहीत, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे असते. मी दोन्ही आकडे देतो.

बसण्याच्या जागेबद्दल कळकळीने सांगतो. जांभ्याच्या सड्याची कड वरून घट्ट दिसते, पण पावसाळ्यानंतर तिच्या पोटात पोकळ्या झालेल्या असतात. ऑक्टोबरमध्ये कडेपासून निदान तीन-चार मीटर आत बसा. लांबून, घरट्याहून खालच्या जागेवरून किंवा समोरच्या कड्यावरून, तिपाईवरची दुर्बीण लावून बघा. एकदा जागा ठरली की दरवर्षी तीच ठेवा. तिथून घरटे कसे दिसते त्याचा फोटो वहीत चिकटवा, म्हणजे तुमच्यातला कोणी मुंबईला नोकरीला गेला तरी पुढचा माणूस त्याच दगडावर बसेल. तुमच्या येण्याने पक्षी उठला, डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागला, तर तुम्ही फार जवळ आहात. लगेच मागे फिरा. उन्हात उघडे पडलेले अंडे आणि टपलेला कावळा, दोघांनाही फार वेळ लागत नाही. समुद्र गरुड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा झाडावर चढणे, घरट्याला हात लावणे हे विषय बंद. दुरून बघायचे असले तरी वनखात्याला आधी लेखी कळवून ठेवा.

झाडाखाली मात्र खूप काही मिळते, हंगाम संपल्यावर. पिल्ले उडाली की मार्च-एप्रिलमध्ये एकदा झाडाखाली जा आणि पडलेले सगळे गोळा करा. माझ्याकडे एका आंब्याखालून आणलेला डबा आहे: समुद्री सापांच्या मणक्यांच्या माळा, माशांचे कल्ले, आणि निळ्या नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे. साप हे या गरुडाचे मोठे खाद्य आहे, हे आपल्या किनाऱ्यावर कोणीही रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणारा मच्छीमार, सांगेल. नायलॉन ही नवी गोष्ट आहे. गरुड काटक्यांबरोबर किनाऱ्यावरची तुटकी जाळी उचलून घरट्यात नेतो. एका वर्षी पंख झाडणारे पिल्लू दुर्बिणीतून बघत होतो. दोन्ही पंख उघडले की ते उचलले जायचे आणि उजवा पाय मागे ओढला जायचा. वीस मिनिटे बघितल्यावर पायाभोवतीचा निळा दोरा दिसला. वनखात्याला कळवले, त्यांची माणसे झाडावर चढणारा घेऊन आली, पिल्लू सुटले. दहा-बारा दिवसांनी फेरी होती म्हणून ते दिसले. फक्त घरटी मोजून परतणाऱ्याच्या वहीत तिथे "यशस्वी" एवढेच राहिले असते.

तुम्ही फक्त गरुडाचे विचारले आहे, पण कड्यांवर फिरता आहात तर पाकोळ्यांकडेही लक्ष द्या. समुद्राच्या गुहांत वीण करणारी भारतीय पाकोळी म्हणजे आपल्या चर्चच्या आणि पुलांच्या खाली घरटी करणारी पाकोळी नव्हे, आणि माडाच्या झावळ्यांत राहणारी ताड-पाकोळीही नव्हे. ती अंधारात टक-टक आवाज काढून वाट काढते आणि लाळेने दगडावर छोटी अर्धी वाटी चिकटवते. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर तिची जुनी वसाहत आहे. हुमायून अब्दुलाली यांनी १९४० च्या सुमारास तिथे जाऊन या पाकोळ्यांवर आणि तिथे वीण करणाऱ्या सुरय पक्ष्यांवर लिहिले. २००१ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथली घरट्यांची चोरी उजेडात आणली आणि मग राखण सुरू झाली. मोजणीच्या दृष्टीने या पाकोळीची गोष्ट वेगळी आहे: घरटे चोरीला गेले की ती पुन्हा बांधते. म्हणजे वसाहत लुटली जात असतानाही नव्या घरट्यांचा आकडा भरलेला दिसू शकतो. तिथे ठरावीक भिंतीचा तुकडा घेऊन प्रत्येक वाटीला आकडा द्यायचा आणि त्या वाटीतून पिल्लू उडाले का एवढेच बघायचे. लाल प्रकाशाची बॅटरी, दहा मिनिटे, फ्लॅश नाही. अशी गुहा तुम्हाला आपल्या पट्ट्यात सापडली तर आत जाऊ नका, तोंडाशी बसून संध्याकाळी परतणारे पक्षी मोजा आणि वनखात्याला कळवा.

सुरय पक्ष्यांचे तर आणखी अवघड. त्यांतला लगामी सुरय दगडाच्या कपारीत एकच अंडे घालतो, आणि वीण ऐन पावसाळ्यात, जेव्हा १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि कोणी शहाणा माणूस होडी घालत नाही. जून-जुलैत वादळानंतर आपल्या किनाऱ्यावर थकलेले सुरय सापडतात ते अनेकदा हेच. सापडल्याची तारीख, जागा आणि फोटो, एवढी नोंद तुम्ही नक्की करू शकता.

आता ड्रोन. मी ड्रोनच्या विरोधात नाही. स्कॉटलंडच्या बास रॉकवर २०१४ मध्ये गॅनेट या मोठ्या पांढऱ्या समुद्रपक्ष्याच्या घरट्यांच्या ७५ हजारांच्या वर जागा मोजल्या होत्या. बर्ड फ्लूनंतर २०२३ मध्ये ड्रोनच्या फोटोंवरून मोजल्या तेव्हा त्या सुमारे ५२ हजार निघाल्या. माणसाने बोटीतून हे इतके नीट मोजणे कठीण होते. पण तिथे हजारो पक्षी उघड्या खडकावर बसलेले असतात. तुमच्याकडे सात झाडे आहेत आणि प्रत्येकावर असा पक्षी आहे जो आपल्या हद्दीतल्या घारीलाही हाकलतो. तो ड्रोनवर झडप घालतो, पंख मोडून घेतो, किंवा घरटे सोडून तासभर दूर बसतो. शिवाय दाबोळीच्या नौदल तळामुळे आपल्या आकाशाचा बराच भाग परवानगीशिवाय बंद आहे. ड्रोनचे पैसे चांगल्या तिपाईवर घाला.

नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येतात, विणीचे संकेतही तिथे आहेत. पण घरट्याची नेमकी जागा उघड करू नका. एका फोटोसाठी रांग लागते आणि ती रांग घरट्याला महाग पडते. जागेचा तपशील वनखात्याकडे आणि तुमच्या वहीत राहू द्या. आणि रापणकारांना विचारा. चाळीस वर्षांपूर्वी कोणत्या आंब्यावर गरुड होता हे त्यांना आठवते, आणि तेवढी मागची नोंद आपल्याकडे दुसरीकडे कुठेच नाही.

तुमच्या तीन वर्षांच्या वह्यांचे फोटो पाठवा. सात घरट्यांची यादी बाजूला ठेवून मी आधी पहिल्या वर्षीची चार झाडे बघेन: त्या चारांच्या हद्दीत यंदा जोडी होती का, झाडाखाली ताजी शिट होती का, आणि फेब्रुवारीनंतर तिथे तपकिरी पिल्लू कोणी पाहिले का.